तोंडात खिळे

सोमवार, ३ मार्च

खासदारांचं उत्तर आलं. मागच्या वेळी आलं होतं तेच. "प्रिय श्रीमान, आपलं पत्र मिळालं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. राष्ट्रीय आरोग्य विधेयकाचा आम्ही सखोल अभ्यास करत आहोत." खाली सही, तीही छापलेली. मी बाई आहे हे मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. 'विधवा' असंही लिहिलं होतं, म्हणजे जरा वजन पडेल. पडलं नाही.

वन्संना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं वहिनी, दादा गेल्यापासून घरात एक श्रीमान कमीच होता."

आजपासून हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही आम्हाला सांगितलंच नव्हतं, तर पुढे टाकायला काहीतरी असावं. त्या माणसासाठी आधी ओळखपाळख. मी खुर्च्या-सोफ्यांचं कुशनकाम करते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकान नवऱ्याचं, दोन वर्षांपूर्वी तो हृदयाने गेला. मागे मी राहिले आणि त्याची धाकटी बहीण, म्हणजे वन्सं. त्यांच्याही हृदयाची झडप गळते. या घराण्यात हृदयं कच्ची आणि जिभा पक्क्या. डॉक्टर म्हणतात, झडप वर्षाच्या आत बदला. विमा कंपनी म्हणते, झडप आमच्याकडे येण्याआधीपासून गळते, तेव्हा तुमची तुम्ही बघा. ऑपरेशनचा आकडा इथे लिहीत नाही, वहीला भोवळ येईल.

विधेयक पास झालं तर उपचार सरकारी खर्चाने, आणि जुना आजार म्हणून कोणाला हाकलता येणार नाही. कलम सोळा. मी वाचलंय. सभागृहात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत आणि जे चारदोन लोक तळ्यात मळ्यात करताहेत त्यात आमचे हे अभ्यासू खासदार. दुसरा कोणी माझ्या वाट्याला नाही. तेव्हा आता पत्रं पुरे, समोर जाऊन बसायचं.

बुधवार, ५ मार्च

खासदारांच्या कार्यालयात बुधवारी लोकांना भेट मिळते, म्हणजे वाट बघायला मिळते. दारातच एक टायवाला तरुण टेबल टाकून बसलेला. काहीही विचारलं की तो पापणी न हलवता म्हणतो, "बघूया." मी म्हटलं, आज भेट होईल ना? "बघूया." पाणी कुठे मिळेल? "बघूया." त्याच्या बारशाला बहुतेक हेच नाव ठेवलं असावं. मी तरी तेच धरून चालते.

बसायला भिंतीकडेला खुर्च्यांची रांग. काय त्या खुर्च्या. रेक्झिन फाटलेलं, त्यावर पार्सलची चिकटपट्टी मारलेली, आत फोमचा भुगा. मला मिळाली तिची स्प्रिंग थेट वर आलेली, जनतेला टोचायलाच ठेवल्यासारखी. शेजारचे काका म्हणाले, "त्या खुर्चीवर पहिल्यांदा आलेल्यांना बसवतात. तुम्ही या टोकाला सरका, इथे नुसता खड्डा आहे." काकांच्या गल्लीतलं गटार तुंबलंय. ते इतक्या बुधवारी आलेत की त्यांची स्वतःची उशी आहे.

नंबर आला नाही. दिवसभर मी विधेयकातली कलमं मनात घोकत होते आणि खाली स्प्रिंग मला तिचं कलम सांगत होती.

शनिवार, ८ मार्च

वन्सं उशा पळवतात. आधी स्वतःच्या दोन, मग माझी एक, आज दुकानातलं गिऱ्हाइकाचं कुशन. पलंगावर महाराणीसारख्या टेकून बसतात आणि तशाच झोपतात. म्हटलं, आडवं व्हायची लाज वाटते का. म्हणाल्या, "आडवं पडलं की छत दिसतं. तुझी जळमटं मोजायची नाहीत मला."

जळमटं काढली. उशा परत मिळाल्या नाहीत.

बुधवार, १२ मार्च

आज पिशवीत अवजारं घेऊन गेले. मुद्दाम नाही. म्हणजे मुद्दामच, पण ढोंग करायला नाही. खुर्ची माझ्या समोर फाटलेली असेल तर मला दुसरं काही सुचत नाही, जसं काही बायकांना दुसऱ्याच्या पोराचं नाक वाहताना बघवत नाही. वाट बघायचीच आहे तर हात कशाला रिकामे ठेवायचे. पहिली खुर्ची उलटी केली, जुने खिळे उपसले, स्प्रिंग सुतळीने खाली बांधली, दुकानातून आणलेला काथ्या भरला, वर रेक्झिनचा तुकडा ताणला. लोकांनी जागा करून दिली. काका हातोडी द्यायला बसले आणि दर वेळी दाभण देत राहिले.

बघूया आला. "तुम्हाला कोणी पाठवलं?"

तोंडात खिळे होते. आमच्या कामात तसंच असतं, एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? ओठात. जिभेने एकेक पुढे सरकवायचा. नवरा तर तसाच शीळ घालायचा. मी मान हलवली. ती कशी हलली मला माहीत नाही, पण बघूया म्हणाला, "बरं झालं. मेंटेनन्सला केव्हापासून कळवतोय."

खिळे संपेपर्यंत तो जागेवर नव्हता.

रविवार, १६ मार्च

दिवसभर विधेयक वाचलं. वाचनालयातल्या बाईंनी छापून दिलंय, जाडजूड आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण लोकांच्या सोफ्यांनी केलं. सोफ्याच्या फटीत काय काय सापडतं: कंगवे, चमचे, एकदा कवळी, आणि पुस्तकं. मालक परत नेत नाहीत, म्हणतात ठेवा. बरीचशी मधूनच सुरू व्हायची किंवा शेवटाआधीच संपायची. त्यामुळे खून कोणी केला हे मला बऱ्याच बाबतीत अजून माहीत नाही. पण एक सवय लागली, न कळलेलं वाक्य पुन्हा वाचायचं. विधेयकात ती सवय फार उपयोगी पडते. कलम नऊ पाचव्या वाचनात कळलं, आणि ते कलम आठच होतं.

वन्संना म्हटलं, तुमच्यासाठी एवढं वाचतेय, निदान ऐका तरी. म्हणाल्या, "तू वाच. मला शेवट सांग." मग चहा करायला उठल्या तर सपाता पायात जाईनात. आटल्या म्हणाल्या, धुतल्यामुळे. प्लॅस्टिकच्या सपाता कधी धुऊन आटतात का. पण वाद घातला नाही, त्यांना मोठ्या मापाच्या आणायला हव्यात.

दुकानाच्या कोपऱ्यातली खुर्ची पुसली. नवरा स्वतःसाठी करत होता ती, हातांची आणि उंच पाठीची. सांगाडा झालाय, नवारीच्या पट्ट्या ताणून झाल्यात, आणि "काथ्या उद्या भरतो" म्हणून हातोडी ठेवली ती ठेवलीच. गिऱ्हाइकं विचारतात, विकायची का? मी सांगते, पूर्ण नाही. मग पूर्ण का करत नाही? वेळ नाही. खासदारांच्या खुर्च्यांना वेळ आहे हे वन्संनी दाखवून दिलं. मी म्हटलं, ते वेगळं.

बुधवार, १९ मार्च

सगळी रांग नीट झाली. काकांनी उशी घरी ठेवली. लोक आता खुर्चीत असे रेलतात की नंबर पुकारला तरी उठायला कुरकुरतात. आणि मी नंबर मागायला गेले तर बघूया म्हणाला, "तुम्हाला नंबर कशाला? तुम्ही तर कामाच्या."

म्हटलं, मला खासदारांशी बोलायचंय. त्या आरोग्याच्या बिलाबद्दल. दहा एप्रिलला मतदान आहे.

"पैशांचं ना? माझ्याकडेच द्या बिल."

"ते बिल नाही हो."

"बघूया," म्हणाला आणि पुढच्या माणसाला नंबर दिला. म्हणजे मी दोन बुधवार खपून स्वतःलाच रांगेतून बाहेर काढलं. घरी सांगितलं तर वन्सं हसल्या, हसता हसता धाप लागली, भिंतीला टेकल्या आणि वर म्हणाल्या, "खुर्ची मिळाली की माणसं काम विसरतात असं ऐकलं होतं. तू तर दुसऱ्याच्या खुर्चीत विसरलीस."

खासदार एकदा बाहेर आले. "छान, छान," म्हणाले, माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघून. मी तोंड उघडलं तोवर गाडीत.

शुक्रवार, २१ मार्च

रेक्झिन कापायची पातळ सुरी सापडत नव्हती. मोरीत मिळाली, पात्याला पांढरी भुकटी. वन्संना विचारलं, भिंत खरवडता का? म्हणाल्या, "हो, चुना खाते, हाडं मजबूत होतात." माझ्या सुरीला हात लावू नका म्हणून बजावलं. त्या सुरीची धार नवऱ्याने लावलेली आहे, तेवढीच शिल्लक.

एक चांगलं झालं. औषधाच्या दुकानात जायची वेळ आली असं वाटत होतं, पण गोळ्या अजून आहेत म्हणतात.

बुधवार, २६ मार्च

आज बघूया स्वतः उठून माझ्याकडे आला. खासदारांची आतली खुर्ची करकरते आणि एका बाजूला कलते, साहेबांची कंबर धरली आहे. शुक्रवारी या, साहेब दौऱ्यावर आहेत, खोली मोकळी मिळेल.

म्हणजे खोलीत शिरायचं, पण रिकाम्या. काका म्हणाले, "जा. देवाच्या गाभाऱ्यात देव नसला तरी जातातच की लोक." मी म्हटलं, देवाची कंबर धरत नाही. तरी जाणार आहे. टेबलावर विधेयक ठेवून येईन, कलम सोळावर खूण घालून. याने काही होईल असं मला स्वतःलाच वाटत नाही. खरं सांगायचं तर कधीकधी वाटतं की मी हे वन्संसाठी करत नाही, नुसतं घराबाहेर पडायला निमित्त शोधते. त्या घरात खोकत असतात आणि मी परक्या खुर्च्यांना खिळे मारते.

गुरुवार, २७ मार्च

गिऱ्हाइकाचं कुशन परत द्यायचं म्हणून वन्संच्या पाठीमागून ओढलं. खोळीतून अर्धी गोळी पडली.

मी ती उचलून बघत राहिले. कापलेली कड सरळ होती. इतकी सरळ कड एकाच पात्याने येते.

"पाणी उतरायची गोळी ना ही?" मी विचारलं.

"सांडली असेल."

"अर्धी?"

"अर्धीच सांडली."

मग मला एकेक दिसायला लागलं. सपाता आटल्या नव्हत्या, पाय सुजले होते. उशा. आडवं पडलं की श्वास पुरत नाही म्हणून बसून झोपायचं, आणि मी जळमटं काढतेय. संपत नसलेल्या गोळ्यांचा मला आनंद झाला होता, आणि तो मी याच वहीत लिहून ठेवलाय.

म्हटलं, "केव्हापासून?"

"थंडीपासून. ओरडू नकोस, मला धाप लागते."

"मी ओरडत नाहीये."

"तुझं न ओरडणं जास्त ऐकू येतं." मग म्हणाल्या, "दादाच्या वेळी तू मागची एक खोली विकलीस. आता विकायला दुकान राहिलंय. दुकान गेलं तर तू काय करशील? माझ्याशी भांडत बसशील दिवसभर. त्यापेक्षा मी मेलेली बरी."

"दोघींना जगवायचं बघतेय मी, म्हणून त्या खासदाराच्या दारात बसते."

"बस ना. म्हणून तर अर्ध्या घेतल्या. तुझा कायदा येईपर्यंत पुरवायच्या होत्या."

 पूर्ण गोळी आणून हातात ठेवली. त्यांनी जिभेखाली लपवली. मी तोंड उघडायला लावलं. त्यांनी उघडलं, गिळली आणि म्हणाल्या, "नवऱ्याला तरी असं कधी बघितलं होतंस का?"

नव्हतं. त्याने सांगितलं की बरं वाटतंय आणि मी विश्वास ठेवला.

शुक्रवार, २८ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

बघूयाने खोली उघडून दिली आणि जेवायला गेला. मी खासदारांची खुर्ची टेबलामागे उलटी घातली आणि जमिनीवर बसले. चांगली खुर्ची, नुसत्या एका बाजूच्या पट्ट्या तुटलेल्या. सतत एकाच कुशीवर कलून बसणारा माणूस, बाहेर मात्र दोन्हीकडे ऐकतोय असं दाखवणारा. नवी पट्टी ताणली, ओठात मूठभर खिळे धरले, आणि दार उघडलं.

खासदार. दौरा रद्द झाला असावा. कानाला फोन. टेबलामागे मी त्यांना दिसले नाही.

"हो, ऐकतोय," ते फोनवर म्हणाले. "विरोधात कसं करू? इथले लोक मला उभा फाडतील. बाजूने केलं तर वरचे. नाही, नाही, मी आजारी पडतो. त्याच दिवशी. पोट. पोट बरं असतं, कोणी उघडून बघत नाही. एक रात्र ॲडमिट होतो, फोटो टाकू. खोली बघून ठेवा. खिडकीची."

आरोग्य विधेयक चुकवायला हा माणूस हॉस्पिटलात झोपणार होता. फुकट, कारण सभासदांना सगळं फुकटच असतं.

फोन ठेवून ते खुर्चीकडे वळले आणि त्यांना उलट्या खुर्चीचे पाय दिसले, मग मी.

"तुम्ही... मेंटेनन्स?"

मी मान हलवली. दुसरं काही करता येत नव्हतं. खिळे थुंकावेत तर गालिचा त्यांचा आणि पाय माझे.

"ऐकलंत तुम्ही?"

मान.

आता त्यांनी मला जा म्हणायला हवं होतं. पण माणूस गप्प असला की समोरच्याला राहवत नाही. ते टेबलाच्या कडेला टेकले आणि बोलायला लागले. राजकारण बाहेरून सोपं वाटतं. एका मताने काय होतं. खर्च कुठून आणायचा. विमावाल्यांनी निवडणुकीला मदत केलेली असते, उपकार असतात. त्यांना स्वतःला तर विधेयक मनापासून पटतं. मी तोवर एकेक खिळा ओठातून काढून तळहातावर ठेवत होते. जितके खिळे निघत होते तितका त्यांचा आवाज मऊ होत होता. शेवटी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

इतके महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होते. कलम सोळा, कलम बारा, तोंडपाठ केलेलं भाषण. तोंड मोकळं झालं आणि त्यातलं अक्षर आठवलं नाही. तोंडात नुसती लोखंडाची चव.

मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलात?"

"काय?"

"ॲडमिट कुठे होणार?"

त्यांनी सांगितलं. मोठं आहे, टेकडीवरचं.

"तिथेच माझ्या नणंदेची झडप बदलायचीय. खिडकीची खोली तिला द्या. तुमच्या पोटाला काही झालेलं नाही." मग मी ॲप्रनच्या खिशातून ती अर्धी गोळी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "हे तिचं एका दिवसाचं औषध. तिच्या मते ही अख्खी आहे."

ते गोळीकडे बघत राहिले. मग जे लोक कायम म्हणतात ते म्हणाले, "मला वाईट वाटतं."

"वाटू द्या. पण आजाऱ्याला भेटायला जायची आमच्यात रीत आहे. तुम्ही ॲडमिट झालात की मी येणार. बाहेर खुर्च्यांवर बसतात ते सगळे येणार. गटारवाले काका तर सगळ्यात आधी. तिथे तुम्हाला उठून गाडीत बसता येणार नाही, आणि आम्हाला नंबरही लागणार नाही."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "नाव काय तुमचं?"

"श्रीमान," मी म्हटलं. "तुमच्याच पत्रात आहे."

अवजारं पिशवीत भरली. खुर्ची तशीच, चारी पाय वर. ते म्हणाले, "आणि ही? मी बसू कशावर?"

मी म्हटलं, "बघूया."

तडक घरी आले. आता वाटतंय की मी सगळं घालवलं. शांतपणे कलमं सांगितली असती तर कदाचित. माणसाला त्याच्याच खोलीत धमकी द्यायची आणि वर मत मागायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत. वन्संना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "गोळी परत आणलीस का? ती उद्या चालली असती." मग माझं तोंड बघून, "चेष्टा केली गं."

बुधवार, २ एप्रिल

गेले. मला वाटलं होतं दारातूनच हाकलतील. बघूयाने उभं राहून खुर्च्यांच्या कामाचे पैसे दिले, पाकिटात घालून. नको म्हणणार होते, मग म्हटलं का नको. परत येताना औषधाच्या दुकानात गेले.

काकांना सगळं सांगितलं होतं, म्हणजे पूर्ण रांगेला सांगितल्यासारखंच. एक बाई विचारत होत्या, पोटाच्या पेशंटला फळं चालतात का. दुसऱ्यांनी वॉर्ड कुठला ते विचारलं. काका मोठ्याने म्हणाले, "मी गटाराचे फोटो घेऊन जाणार. पडल्यापडल्या बघायला बरे." बघूया टायची गाठ सैल करत आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

दार उघडं होतं तेव्हा दिसलं. खुर्ची अजून उलटीच. खासदार एका स्टुलावर बसले होते, कंबर धरून.

गुरुवार, १० एप्रिल

दुकानात टीव्ही लावला. काका आले, वाचनालयातल्या बाई आल्या. वन्सं उशांसकट बाहेर येऊन बसल्या. दोन आठवडे पूर्ण गोळ्या घेतल्यावर सपाता परत पायात जायला लागल्यात, पण चार पावलांवर अजून थांबतात.

आमचे खासदार सभागृहात होते. तिसऱ्या रांगेत, पोट ठणठणीत. बराच वेळ भाषणं झाली. मग अध्यक्ष म्हणाले, बाजूने असतील त्यांनी उभं राहावं. सगळीकडे माणसं उठली. आमचे बसलेले. कॅमेरा पुढे गेला, मागे आला. अजून बसलेलेच. मी हातातली हातोडी इतकी आवळली होती की काकांनी ती हळूच काढून घेतली, आणि या वेळी ती खरंच हातोडी होती.

मग ते उठले. एका हाताने कंबर धरून, हळूहळू, जसं काही कोणी खालून ढकलतंय.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू मारलेला खिळा पोचला."

विधेयक पास झालं, थोडक्यात. नंतर बातम्यांत सांगत होते की सकाळीच पक्षाने सभासदांना मोकळीक दिली होती, कुठल्या तरी पाहणीत लोकांचा कल फिरला म्हणून. त्यातलं मला फारसं कळलं नाही. काका म्हणतात ते त्यांच्या गटारामुळे उठले. असू दे. स्टुलावर बसून कंबर कशी होते ते मला माहीत आहे.

अंमल पुढच्या वर्षापासून. म्हणजे जानेवारी. सगळे गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "तोपर्यंत टिकायला हवं."

"टिका की. कोण अडवतंय?"

"तू. रोज जीभ बघतेस."

रविवार, १३ एप्रिल

काल खासदारांची खुर्ची पूर्ण करून आले. अर्धवट टाकलेलं काम मनाला लागून राहतं. कार्यालयात फक्त बघूया होता. टेबलावर कागद दाबायच्या काचेखाली ती अर्धी गोळी दिसली, पिवळट पडलेली. उचलली नाही.

आज कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली. वन्संना उशांचे डोंगर करून झोपायचं तर जानेवारीपर्यंत मान मोडेल, उंच पाठीची खुर्ची बरी. म्हणून काढली, दुसरं काही नाही. नवऱ्याने पट्ट्या नेहमीसारख्या फार ताणल्या होत्या, मी त्याला किती वेळा सांगितलं होतं. त्या तशाच ठेवल्या. काथ्या भरला, वर कापूस, वर गडद निळं कापड. ओठात खिळे धरले आणि कड मारायला घेतली.

वन्सं समोर बसून बोलत होत्या. दादा लहानपणी कसा होता, खिळा गिळला म्हणून सगळं घर कसं रडलं आणि तो चड्डीच्या खिशात कसा निघाला. मग थांबल्या. म्हणाल्या, "रडतेस का गं?"

तोंडात खिळे होते, म्हणून उत्तर दिलं नाही.

झाल्यावर त्यांना बसवलं. इकडे सरकल्या, तिकडे सरकल्या, हातांवर हात ठेवले.

"टणक आहे," म्हणाल्या.

"नवी आहे. बसून बसून मऊ होईल."

"किती बसावं लागतं?"

"वर्षभर. रोज."

त्यांनी मान मागे टेकली, डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग तसंच डोळे मिटून म्हणाल्या, "मग वर्षभरच कशाला, दोन-चार वर्षं लागतील असं सांगायचं होतंस."